खूण म्हणजे रोग नव्हे

गेल्या महिन्यात ओळखीचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. नळीत थुंकी भरून ती टपालाने तपासणीला पाठवली होती, तिचा रंगीत अहवाल हातात होता. एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "डॉक्टर, मला मधुमेहाची खूण निघाली. मुलीच्या सोयरिकीत हे सांगावे लागेल का?" दोन रात्री त्यांना झोप नव्हती. रक्तातली साखर तपासली, ती व्यवस्थित होती. तरी चेहऱ्यावरची काळजी जाईना. म्हणून आज या 'खुणे'विषयीच लिहितो.

आपल्या डीएनएमध्ये जागोजागी माणसागणिक किरकोळ फरक असतात. बहुतेक निरुपद्रवी. पण बांधावरच्या दगडावरून जसे शेत ओळखता येते, तसे या फरकांवरून जवळचे जनुक हुडकता येईल, असे बॉटस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली मांडले. दगडाला पीक येत नाही. तो फक्त जागा दाखवतो. खुणेचेही तसेच.

याचे गाजलेले उदाहरण हंटिंग्टनच्या रोगाचे. यात बहुधा तिशी-चाळिशीत हातपाय आपोआप हलू लागतात, बुद्धी ढासळते. आईला किंवा वडिलांना रोग असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी. व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या काही कुटुंबांत या रोगाचे पुष्कळ रुग्ण होते. नॅन्सी वेक्सलर यांनी तिथे जाऊन वंशावळी व रक्ताचे नमुने गोळा केले. त्यांची स्वतःची आई याच रोगाने गेली होती. त्या नमुन्यांच्या आधारे जेम्स गुसेला यांच्या गटाला १९८३ साली चौथ्या गुणसूत्रावर एक खूण सापडली.

खूण वाचायची कशी? डीएनए विशिष्ट विकराने कापायचा, तुकडे जेलीसारख्या थरातून विजेच्या साहाय्याने पळवायचे. लहान तुकडा पुढे जातो, मोठा मागे राहतो. मग एक्स-रे फिल्मवर काळे पट्टे उमटतात. प्रत्येकाचे पट्टे पाहून त्याला अ, ब, क, ड अशी अक्षरे द्यायची. मुलाचा एक संच आईचा आणि एक वडिलांचा असायलाच हवा. तसे जुळले नाही तर नमुन्यांची अदलाबदल झाली, वाचनात चूक झाली, किंवा नाते सांगितले तसे नाही, असे समजायचे. पट्टा पुसट असेल तर अंदाजाने अक्षर न देता तपासणी पुन्हा करायची. हा रोगी, हा निरोगी हे वाचणाऱ्याला आधी ठाऊक नसलेले बरे. नाही तर डोळा हवे तेच पाहतो.

आता खरी गोम ऐका. व्हेनेझुएलाच्या कुटुंबात रोग 'क' खुणेबरोबर चालला होता, तर अमेरिकेतल्या दुसऱ्या एका कुटुंबात 'अ' खुणेबरोबर. म्हणजे 'क' अक्षर वाईट नव्हते; त्या घराण्यात ते रोगाचे शेजारी होते, एवढेच. शिवाय पिढी बदलताना शेजारी कधी कधी वेगळे होतात. शंभरात सुमारे चार वेळा ही खूण फसवायची. म्हणून नुसत्या एकट्या माणसाचे रक्त तपासून भागत नसे, घरातल्या इतरांचेही लागे. प्रत्यक्ष जनुक हाती यायला पुढे दहा वर्षे गेली. १९९३ नंतर त्यातील तीन अक्षरांची पुनरावृत्ती थेट मोजता येऊ लागली. चाळीस किंवा जास्त असेल तर रोगाचे निदान पक्के.

मधुमेहाची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या खुणा शेकड्यांनी आहेत, प्रत्येकीचा वाटा अगदी थोडा, आणि त्यांचा बराचसा अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेला. त्यापेक्षा पोटाचा घेर, आईवडिलांचा आजार आणि उपाशीपोटीची साखर मला अधिक सांगून जातात. माझे स्पष्ट मत आहे की, समजावून सांगणारा माणूस सोबत न देता असे अहवाल घरपोच धाडणे योग्य नाही.

याचा अर्थ आनुवंशिक तपासण्या निरुपयोगी असा मुळीच नाही. विदर्भात आणि नंदुरबार भागात सिकलसेलचा आजार आहे. त्यातला जनुकीय बदल नेमका माहीत आहे, आणि वाहक कोण हे रक्ताच्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीने कळते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. ही तपासणी लग्नाआधी जरूर करावी.

तेव्हा वाचकहो, असा अहवाल हाती आला तर एकच प्रश्न विचारा: हा रोगाचा दोष आहे की दोषाच्या शेजारची खूण? त्या गृहस्थांना मी सांगितले, सोयरिकीत सांगण्यासारखे यात काही नाही. रोज तासभर चाला आणि वर्षातून एकदा साखर तपासा. हा सल्ला अहवाल नसता तरी मी दिलाच असता.