आधी सावली, मग यंत्र

घर तापले की एसी, गारठले की हीटर आणि बिल वाढले की छतावर सौर पॅनेल, एवढ्यावर आपला घरबांधणीचा विचार येऊन थांबला आहे. मला तो साफ अमान्य आहे. ऊन आणि वारा कसा हाताळायचा हे नकाशावरच ठरले पाहिजे. दिशा, भिंत, छज्जा आणि खिडकी यांना जे जमत नाही, तेवढ्यापुरतेच यंत्र आणावे. यावर नेहमीचे चार आक्षेप घेतले जातात. त्यांतला एकही मला निर्णायक वाटत नाही.

पहिला आक्षेप असा की हे सारे पुस्तकी आहे. त्याला उत्तर लडाखमध्ये उभे आहे. लेहजवळच्या फे गावी सोनम वांगचुक यांच्या सेकमॉल या शिक्षणसंस्थेच्या इमारती मातीच्या जाड भिंतींच्या आहेत आणि त्यांचे तोंड दक्षिणेला आहे. हिवाळ्यात तिथे दुपारचा सूर्यही क्षितिजापासून जेमतेम बत्तीस अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या काचांतून ऊन खोलवर आत शिरते. भिंती आणि जमीन ते दिवसभर साठवतात आणि रात्री हळूहळू परत देतात. बाहेर पारा शून्याच्या पुष्कळ खाली असताना विद्यार्थी आत बसून अभ्यास करतात. उणे तापमानात जे साधते, ते पुण्यात किंवा नाशकात पुस्तकी कसे ठरते?

दुसरा आक्षेप खर्चाचा. इमारतीच्या लांब बाजूचे तोंड पश्चिमेऐवजी दक्षिणेला किंवा उत्तरेला ठेवायला नकाशावर वेगळा खर्च येत नाही. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे अठ्ठेचाळीस अंशांवर असतो आणि मेच्या मध्यावर थेट डोक्यावर येतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला की थंडीतले ऊन आत येते आणि उन्हाळ्यातले बाहेरच थांबते. पश्चिमेचे ऊन तिरपे असल्याने छज्ज्याखालून घुसते. तिथे झाड, बाल्कनी किंवा बाहेरून सोडलेला बांबूचा चिकच हवा, कारण आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोहोचते तेव्हा उष्णता काच ओलांडून घरात आलेली असते. आपण वास्तुशास्त्रासाठी दाराची दिशा तपासतो, पण निजायच्या खोलीची भिंत पश्चिमेला आहे का हे विचारत नाही. पैसे खरे खर्च होतात ते पश्चिमेला काचेचे दर्शनी भाग उभारून मग ते थंड करण्यात.

तिसरा आक्षेप असा की सौर पॅनेल लावले की प्रश्न मिटतो. पॅनेल जरूर लावावीत आणि पाण्यासाठी सौर बंबही असावा. पण वीस मजली इमारतीचे एक छत किती घरांना पुरणार? शिवाय दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो आणि नेमके तेव्हा पॅनेल निजलेले असते. तोच स्लॅब चुन्याने पांढरा केला, तर मुळात कमी तापतो.

चौथा आक्षेप रास्त आहे: खिडकी उघडली की धूळ, डास, आवाज आणि नागपुरात तर उन्हाच्या झळा आत येतात. पण नैसर्गिक वायुवीजन म्हणजे खिडक्या सदासर्वकाळ उघड्या ठेवणे नव्हे. विदर्भात दुपारी घर बंद ठेवून रात्री आणि पहाटे ते वाऱ्यासाठी मोकळे करायचे असते. तिथल्या जाड मातीच्या भिंती आणि वाळ्याच्या ताट्या याच शहाणपणातून आल्या. कोकणात हवा दमट, म्हणून तिथे वारा सतत खेळता लागतो. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि पडवी भिंतीवर ऊन पडू देत नाही. अतितीव्र उष्म्यात आजारी माणसाला आणि म्हाताऱ्यांना एसी लागेल, हे मला मान्य आहे. मात्र सावलीतल्या घराला तो लहान पुरतो आणि थोडा वेळ पुरतो.

जुन्या वाड्यांत परत जा, असे मी म्हणत नाही. त्यांच्या कित्येक खोल्या अंधाऱ्या आणि कोंदट होत्या. चौकातून वर जाणारी गरम हवा, जाड भिंत आणि सावली ही त्यांतली तत्त्वे घ्यावीत आणि ती फ्लॅटमध्ये उतरवावीत. केंद्राच्या २०१८ च्या इको-निवास संहितेने उष्ण-दमट हवामानासाठी उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र कार्पेट एरियाच्या किमान एक षष्ठांश सांगितले आहे. साठ चौरस मीटरच्या फ्लॅटला ते दहा चौरस मीटर होते. आपल्याकडे सर्रास बसवली जाणारी दोन पट्ट्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते. हा हिशेब बिल्डर आपणहून मांडणार नाही, तो ग्राहकाने मागितला पाहिजे.

म्हणून बुकिंगच्या कागदावर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. पश्चिमेची भिंत कोणत्या खोलीची आहे? त्या खोलीला बाहेरून सावली कशाची? वारा एका बाजूने येऊन दुसरीकडून बाहेर पडेल का? नगरपालिकांनीही नकाशा मंजूर करताना पार्किंग जितक्या काटेकोरपणे मोजले जाते तितक्याच काटेकोरपणे या गोष्टी मोजाव्यात. इमारत पन्नास वर्षे उभी राहते. तिच्या नकाशातली चूक तिथे राहणारी प्रत्येक पिढी दर महिन्याच्या बिलात फेडत राहते.