जनुकसंपादनाची वाट पाहताना

बिरसा मुंडा यांच्या दीडशेव्या जयंतीच्या महिन्यात, नोव्हेंबर २०२५ मध्ये, सिकलसेलवरील स्वदेशी जनुकसंपादन उपचाराची घोषणा झाली आणि त्याला ‘बिरसा १०१’ हे नाव मिळाले. तंत्र दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेचे. पुढच्या विकासासाठी ते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले आहे. अशा बातम्या आल्या की गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत रुग्णांचे नातेवाईक विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, ते जीनवालं इंजेक्शन आपल्याकडं कधी येणार?’ प्रश्न रास्त आहे. ‘येईल, येईल’ एवढ्यावर तो उरकणे मात्र रास्त नाही.

मुळात ते इंजेक्शन नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने मान्य केलेला ‘कॅसजेव्ही’ हा उपचार बारा वर्षांवरील रुग्णांसाठी आहे. त्यात रुग्णाच्याच मूलपेशी रक्तातून गोळा करतात. सिकलसेलमध्ये जी-सीएसएफ धोक्याचे ठरते, म्हणून प्लेरिक्साफॉर देऊन हे संकलन करावे लागते, आणि ते एका बैठकीत भागतेच असे नाही. प्रयोगशाळेत क्रिस्परने जनुकसंपादन होते. संपादित पेशी तयार होऊन हाती आल्यावरच बुसल्फान देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करायची, मग त्या पेशी परत सोडायच्या आणि रक्तपेशी सावरेपर्यंत काही आठवडे रुग्णालयात राहायचे. बुसल्फानमुळे वंध्यत्वाचा धोका असतो. विशीतल्या रुग्णाला आणि त्याच्या आईवडिलांना हे आधी सांगायला हवे. पुरेसा पाठपुरावा झालेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने तीव्र वेदनेचा झटका आला नाही, हे यश खरेच मोठे आहे. किंमतही तशीच: अमेरिकेत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांहून अधिक.

या उपचाराच्या मुळाशी असलेले जीवशास्त्र आपल्या रोजच्या कामाशी थेट जोडलेले आहे. सिकलसेलच्या बाळांच्या रक्तपेशी पहिले काही महिने विळ्याचा आकार फारसा घेत नाहीत, हे ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये नोंदवले आणि त्याचे श्रेय गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनला, म्हणजे एचबीएफला, दिले. जन्मानंतर हे हिमोग्लोबिन बंद कोण करते, याचा उलगडा व्हायला साठ वर्षे गेली. २००८ मध्ये बॉस्टनच्या विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी बीसीएल११ए या जनुकाची भूमिका दाखवून दिली. कॅसजेव्हीतली कात्री नेमकी याच जनुकाच्या नियंत्रक भागावर चालते. सिकलचे मूळ उत्परिवर्तन तिथेच राहते, त्याला हातही लागत नाही. फक्त एचबीएफ पुन्हा वाहू लागते.

एचबीएफ वाढवणारे औषध आपल्या हाती कित्येक वर्षांपासून आहे. हायड्रॉक्सियुरिया. परिणाम जनुकसंपादनाइतका जोरदार नाही, रोज घ्यावे लागते, सीबीसी पाहत राहावे लागते; पण वेदनेचे झटके, रक्त चढवण्याची गरज आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग त्याने कमी होतात. आपल्याकडील रुग्णांना किलोमागे दहा मिलिग्रॅमच्या आसपासची मात्राही बऱ्याचदा लागू पडते. तरीही हे औषध केवळ ‘कॅन्सरचे’ म्हणून टाळणारे डॉक्टर आहेत. आपल्या रुग्णांत एचबीएफ मुळातच जास्त, म्हणून आजार सौम्य, ही समजूतही अजून ऐकू येते. विदर्भात ज्यांनी असे रुग्ण सांभाळले आहेत, त्यांना ती पटणार नाही. दहा किलोच्या मुलाला दिवसाला शंभर मिलिग्रॅम द्यायचे आणि दुकानात मिळते पाचशेची कॅप्सूल. ती उघडून पाच भाग कोणी करायचे? आईने? तालुक्याच्या औषध दुकानात द्रवरूप औषध मिळेपर्यंत हा प्रश्न आपल्याच पदरात आहे.

जनुकोपचार स्वस्त होणारच नाहीत, असे मात्र आम्ही मानत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून निघालेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि परदेशाच्या साधारण एक दशांश खर्चात तो उपलब्ध झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तीव्र हिमोफिलिया ‘ए’च्या पाच रुग्णांवर जनुकोपचार केला, डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकाही रुग्णाला रक्तस्राव झाल्याची नोंद नाही. फिलाडेल्फियात तर २०२५ मध्ये एका बाळासाठी, त्याच्या एकट्याच्या उत्परिवर्तनापुरते, सहा महिन्यांत औषध घडवले गेले. ते यकृतासाठी होते आणि थेट शिरेतून देता आले. अस्थिमज्जेपर्यंत असे औषध पोचवणे अजून अवघड आहे. ते जमेल तेव्हा आदिवासी पट्ट्यातले चित्र खऱ्या अर्थाने बदलेल.

पण तोवर रुग्ण जगला पाहिजे, आणि मेंदू, मूत्रपिंडे, सांधे शाबूत ठेवून जगला पाहिजे. तोंडावाटे दिलेल्या पेनिसिलिनने लहान मुलांतील न्यूमोकोकल संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतात, हे १९८६ मध्येच सिद्ध झाले. त्यासाठी निदान जन्मतः व्हायला हवे. आपल्याकडे मात्र भिस्त सोल्युबिलिटी टेस्टवर. ही चाचणी सहा महिन्यांखालील बाळात भरवशाची नाही आणि एएस-एसएस हा फरकही तिला कळत नाही. टाचेच्या रक्ताचा थेंब कागदावर घेऊन एचपीएलसीला पाठवण्याची सोय प्रसूतिगृहातच हवी. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचे लक्ष्य सात कोटी लोकांच्या तपासणीचे आहे. तपासण्यांचे आकडे फलकावर झळकतात; एसएस निघालेली किती मुले वर्षभरानंतरही औषध घेत आहेत, हा आकडा तितक्याच ठळकपणे मांडला जात नाही. आमच्या मते मोहिमेचे मोजमाप याच आकड्याने व्हावे. (आणि तपासणीचे कार्ड लग्नाच्या बैठकीत मुलीला नाकारायला वापरले जात असेल, तर समुपदेशन कुठे कमी पडले, हेही कोणीतरी पाहावे.)

वाचक डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट मित्रांना एक विनंती. आपल्या नोंदवहीतले एसएस रुग्ण किती, त्यांपैकी हायड्रॉक्सियुरियावर किती, आणि पाच वर्षांखालील किती मुलांना पेनिसिलिन व न्यूमोकोकल लस मिळाली, एवढे तीन आकडे रुग्णांची नावे न देता आम्हाला कळवा. हाती येतील तसे ते जिल्हावार छापू.