माळ्यावरचा खोका

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरी एक वाद ठरलेला. माळ्यावरचा खोका खाली येतो. त्यात सासऱ्यांच्या वेळच्या तबकड्या आणि कॅसेटी आहेत. रेकॉर्ड प्लेअर केव्हाच बंद पडला. मुलं म्हणतात, वाजत तर नाहीत, मग जागा कशाला अडवायची? खोटं कशाला बोलू, मीही दोनदा भंगारवाल्याला हाक मारली होती.

आता मारणार नाही. कारण चरणजित सिंग यांची गोष्ट.

हे मुंबईचे वादक. हिंदी सिनेमाच्या कितीतरी गाण्यांत वाजवलं, पण नाव होतं ते संगीतकाराचं आणि गायकाचं. १९८२ मध्ये त्यांची स्वतःची तबकडी निघाली, 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरवी, भूपाळी, यमन, मालकंस असे दहा राग, आणि साथीला तबला-तानपुरा नाही, तर रोलंड कंपनीची विजेवरची यंत्रं! एचएमव्हीनं ती बाजारात आणली, पण कुणी विचारलं नाही.

गंमत अशी, की त्यातलं टीबी-३०३ हे खर्जाचे सूर देणारं यंत्रही चाललं नाही. १९८४ मध्ये कंपनीनं ते बंद केलं. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या याच यंत्रावर शिकागोच्या पोरांनी नाचाचं नवंच संगीत काढलं. त्यांची गाजलेली तबकडी १९८७ ची. म्हणजे आपला माणूस पाच वर्षं आधीच तसं वाजवून मोकळा झाला होता!

पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ही तबकडी लागली आणि २०१० मध्ये ती नव्यानं निघाली. सत्तरी ओलांडलेल्या चरणजितजींना युरोपातून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले.

भाच्यानं मला त्यातली भैरवी मोबाइलवर ऐकवली. आधी कानाला खटकलीच, हे काय यंत्राचं टकटक! दुसऱ्यांदा पोळ्या लाटताना ऐकली, तेव्हा कुठे ओळखीची भैरवी सापडली.

'बघा, शेवटी न्याय मिळालाच' असं लोक म्हणतात. मला नाही पटत. अठ्ठावीस वर्षांनी मिळालेल्या टाळ्यांना न्याय कसं म्हणायचं? आणि त्याही मिळाल्या, कारण कुणीतरी आपली प्रत टाकून दिली नव्हती. घरातलं काय ठेवायचं नि काय काढायचं, हे बहुतेक आपणच बायका ठरवतो ना?

यंदा खोका नीट उपसला. तळाशी एक कॅसेट निघाली. वर सासऱ्यांच्या अक्षरात एवढंच, 'मंडई, दंडार'. गावच्या मंडईत त्यांनी टेप केलेली असणार. कोण गातंय ते आता फक्त सासूबाईच ओळखू शकतील, आणि त्यांनाही हल्ली कमी ऐकू येतं. आमगावला एका ओळखीच्यांकडे चालू टेप आहे म्हणे. मंडईच्या आधी त्यांना घेऊन जाऊन यायचं आहे.