क्लेमवाला वकील, पोटगीवाला वकील आणि टक्केवारी

मंडळी, वकिलांमध्येही उतरंड असते. वर जमिनीच्या दाव्यांचे आणि गाजणाऱ्या फौजदारी खटल्यांचे वकील, तळाला 'क्लेमवाले' आणि 'पोटगीवाले'. बाररूममध्येसुद्धा हे शब्द नाक मुरडूनच उच्चारले जातात. पण कोर्टाच्या बातम्या करताना इतकी वर्षं एकच दिसतंय. साधा माणूस कोर्टाची पायरी चढतो ती बहुतेक दोन कारणांनी: घरचं माणूस गाडीखाली आलं, नाहीतर घर मोडलं. आणि तालुक्यात या दोन्ही कामांना बरेचदा वकील एकच असतो.

क्लेमचं काम सोपं आहे, फॉर्म भरला की पैसे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशोब बघावा. समजा 34 वर्षांचा सेंट्रिंग कामगार ट्रकच्या धडकेत गेला. मागे बायको, दोन पोरं, म्हातारी आई. महिना 12,000 कमाई कोर्टात शाबित झाली, तर भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा, वर्षाचा आकडा काढून 16 ने गुणायचं. सुप्रीम कोर्टाच्या 2009 आणि 2017 च्या निकालांनी ठरवून दिलेली ही रीत. होतात 24 लाख 19 हजार. कमाई 6,000 च धरली गेली, तर सरळ निम्मे. आता सेंट्रिंगवाल्याकडे पगारपत्रक कुठून येणार? ठेकेदाराला साक्षीला उभं करायचं, आणि तो तर "मी ओळखतच नाही" म्हणतो. त्याला पिंजऱ्यात आणणं, इन्शुरन्स कंपनीच्या वकिलाच्या उलटतपासणीत विधवेला सावरणं, ही खरी वकिली. बारा लाखांचा फरक तिथे पडतो.

पोटगीत तर एवढेही पैसे नाहीत. नवरा समन्स घेत नाही, पत्ता बदलतो, कोर्टात आला की बेकार असल्याचं सांगतो. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. पण हुकूम होऊनही वसुलीचा वेगळा अर्ज आलाच. तोही एका वर्षाच्या आत, नाहीतर थकबाकी बुडाली. महिना चार हजार मिळणाऱ्या बाईकडून वकील फी घेणार किती? म्हणजे बघा, क्लेमच्या कमाईवर पोटगीच्या केसेस चालतात. हे कुणी उघड बोलत नाही.

आता मुद्द्याचं, ज्यावरून आज काही वकील मित्रांचे फोन येणार. येऊ द्या.

टक्केवारी. निकालातल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. 2017 मध्ये तेलंगणातल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा बजावलं. तो अपघाताचाच क्लेम होता. विधवेचा फीचा चेक वटला नाही म्हणून वकिलानेच तिच्यावर केस टाकली होती, ती कोर्टाने रद्द केली. तरी आपल्याकडे काय चालतं, ते कोर्टासमोरच्या चहावाल्यालाही ठाऊक आहे. वरच्या उदाहरणात चौथा हिस्सा म्हणजे सहा लाख. दोन पोरांचं शिक्षण झालं असतं त्यात.

पण नुसतं वकिलाला शिव्या घालून भागत नाही. त्या बाईकडे पहिल्या दिवशी द्यायला दोन हजार नसतात. झेरॉक्सपासून साक्षीदाराच्या गाडीभाड्यापर्यंत खर्च वकील करतो, वर्षानुवर्षं थांबतो, केस पडली तर त्याचेही बुडतात. अमेरिकेत ही पद्धत कायदेशीर आहे, करार लेखी होतो. आपण बंदी घातली आणि व्यवहार टेबलाखाली ढकलला. तिथे ना कागद, ना मर्यादा, ना तक्रार. माझं स्पष्ट मत: मर्यादा ठरवा, करार लेखी करा आणि निकालाच्या वेळी तो न्यायाधीशांसमोर ठेवा. नाहीतर मोफत विधी सेवेच्या वकिलाला इतकं मानधन द्या की चांगला माणूस ती केस मन लावून चालवेल. सध्या दोन्ही नाही.

तोपर्यंत एवढं करा. कोऱ्या चेकवर सही करू नका. पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाच्या ताब्यात देऊ नका. 1 एप्रिल 2022 पासून अपघाताचा दावा सहा महिन्यांच्या आत टाकायची अट आली आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं आहे, पण त्या भरवशावर तेराव्यानंतर घरात बसून राहू नका. दवाखान्यातच गाठणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, मग हा कुणासाठी फिरतो ते त्यालाच विचारा.

आणि बायाबापड्यांनो, 1987 च्या कायद्याने बाईला, लहान मुलाला आणि अपंगाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं. अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.