पताका आणि कुबड्या

३० जून १८७८ रोजी पॅरिस शहर तिरंगी निशाणांनी नटले होते. त्या वर्षी तेथे जागतिक प्रदर्शन भरले होते आणि सरकारने शांततेचा उत्सव जाहीर केला होता. क्लोद मोने रंगसाहित्य घेऊन बाहेर पडला, एका घरमालकाची परवानगी काढून सज्जात जाऊन उभा राहिला आणि त्याने खालचा मोंतोर्गेय रस्ता रंगवला. चित्र जवळून पाहावे तर निळे, पांढरे, तांबडे फटकारे. चार पावले मागे सरकावे तर निशाणे फडफडू लागतात. माणसे मात्र नुसते काळे ठिपके. या चित्राला पुष्कळदा १४ जुलैचे म्हटले जाते, ते चूक. तो राष्ट्रीय सण १८८० पासूनचा.

त्याच दिवसाचे दुसरे चित्र एदुआर मानेचे आहे. मुलांना हे दाखवले जात नाही, याची आम्हांला खंत वाटते. माने इम्प्रेशनिस्टांचा स्नेही. पण त्यांच्या आठही प्रदर्शनांत त्याने एकदाही चित्र मांडले नाही. त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीतून दिसणारा मोस्निए रस्ता रंगवला. निशाणे इथेही आहेत, पण रस्ता जवळजवळ मोकळा. डावीकडे निळा सदरा घातलेला, एक पाय गमावलेला माणूस कुबड्या टेकत पाठमोरा चालला आहे. शेजारच्या कुंपणाआड दगडमातीचा ढिगारा. प्रशियाशी झालेल्या युद्धातला पराभव आणि १८७१ च्या कम्यूनमध्ये स्वतःच्याच सैन्याने मारलेले हजारो पॅरिसवासी, या गोष्टींना तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. तो माणूस युद्धातला जखमी सैनिक असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. माने काहीच सांगत नाही. निशाणे पुसत नाही आणि त्या माणसालाही पुसत नाही.

आमच्या मते ही दोन्ही चित्रे चित्रकलेच्या वर्गात शेजारी शेजारी लावावीत. मोनेचे चित्र खोटे नाही. आनंदही खराच होता. पण १५ ऑगस्टच्या चित्रस्पर्धेत आपण दरवर्षी तेच पाहतो: ध्वज, उगवता सूर्य, रांगेत उभी मुले, सगळे पट्टीने आखलेले. एखाद्याने सिग्नलवर कागदी झेंडे विकणारी मुलगी काढली, तर 'विषय सोडला' म्हणून त्याचे गुण कापले जातात. पालकही घरून नमुन्याचे चित्र गिरवून पाठवतात, हेही सांगायला हवे.

यंदा विषय 'सणाच्या दिवशीचा आमचा रस्ता' असा द्यावा आणि परीक्षकांना मानेचे चित्र आधी दाखवावे.