रोहूला जठर नसते, कुलगुरू महोदय

प्रति,
मा. कुलगुरू,
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी



परभणीच्या विद्यापीठाने एमएयूएस-71, म्हणजे ‘समृद्धी’सारखे सोयाबीनचे वाण दिले आणि मराठवाड्याचा खरीप सोयाबीनवर उभा राहिला. 2016 मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि त्याच शिवारांत शेततळी झाली. त्यांतल्या काहींत आता कटला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडली जातात. बीज आणून देणारे भेटतात. खायला काय घालायचे, किती आणि कधी, हे मात्र बहुतेक अंदाजावरच चालते.

सोयाबीनला हमीभाव मिळाला नाही की घरचा माल भरडून तळ्यात टाकावासा वाटणारच. 2024-25 मध्ये हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. प्रथिनाने भरलेले दाणे घरात पडून आहेत, माशाला प्रथिन लागते. हिशेब सरळ वाटतो. पण तो माशाच्या पोटात जुळत नाही.

रोहू कापताना पाहावे. आत कुठेही जठराची पिशवी सापडत नाही. घशापासून थेट आतडे सुरू होते, दोरीच्या वेटोळ्यांसारखे, शरीराच्या कित्येक पट लांब. जठर नाही म्हणून आम्ल नाही, पेप्सिनही नाही. प्रथिन फोडण्याचे सगळे काम स्वादुपिंडातून येणाऱ्या ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिनवर पडते. आणि कच्च्या सोयाबीनमध्ये नेमका याच ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो! तिलापिया आणि पंगस यांना निदान जठर असते. कटला-रोहूला तेवढाही आधार नाही. महागाचे प्रथिन न पचता विष्ठेतून पाण्यात जाते आणि मासा वाढत नाही.

उपाय अवघड नाही. नीट उष्णता दिली की हा घटक बहुतांशी निकामी होतो. तेल गिरणीतून येणारी सोया पेंड, म्हणजे बाजारातली डीओसी, भाजूनच निघते. तिच्यात 44 ते 48 टक्के प्रथिन असते. मेथिओनिन हे अमिनो आम्ल तेवढे कमी पडते, म्हणून एकट्या सोया पेंडेवर भागत नाही. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते, त्यामुळे तिच्याबाबतही हात आखडताच हवा.

बरे, प्रथिन जास्त दिले तर? अगदी लहान पिलांना 35-40 टक्के प्रथिन लागते, मोठ्या माशाला 25-30 पुरते. वरचे प्रथिन मासा अंगात साठवू शकत नाही. ते जाळून ऊर्जा मिळवतो आणि उरलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. 30 टक्के प्रथिनाच्या 100 किलो खाद्यात 4.8 किलो नायट्रोजन असतो. चांगल्या संगोपनातही त्याचा फार तर तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो, बाकीचा तळ्यातच राहतो. उन्हाळ्याच्या दुपारी शेवाळामुळे पाण्याचा सामू चढतो, पाणी तापलेले असते, आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. खाद्यात भाताचा कोंडा किंवा मक्याचा भरडा योग्य प्रमाणात असेल, तर ऊर्जेची गरज पिष्टातून भागते आणि प्रथिन वाढीसाठी उरते. कटला-रोहूसारख्या कार्प माशांना पिष्ट बऱ्यापैकी पचते. हा फायदा न घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, अगदी शब्दशः.

थंडीचे तर कुणी बोलतच नाही. विद्यापीठाच्याच हवामान नोंदींत डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक आकडी होतो. मासा थंड रक्ताचा. पाणी गार झाले की त्याचे पाचकरस आणि भूक दोन्ही मंदावतात. ऑक्टोबरचा खाद्याचा डबा जानेवारीत तसाच ओतला तर तो तळाशी कुजतो.

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. मत्स्यशास्त्र हे ‘माफसू’चे, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे काम, हे खरे, पण त्याच विद्यापीठाचे पशुवैद्यक महाविद्यालय परभणीत आहे आणि मत्स्यविज्ञान महाविद्यालय मराठवाड्यातच उदगीरला. सोयाबीन परभणीचे, हवामानाच्या नोंदी परभणीच्या, तळी परभणीच्या शेतकऱ्यांची. तेव्हा दोन्ही विद्यापीठांनी एकत्र बसून माशाचे वय आणि पाण्याचे तापमान यांनुसार खाद्याचा एक तक्ता करावा, घरचे सोयाबीन किती वेळ भाजायचे हे प्रयोग करून ठरवावे आणि शेतकऱ्याने आणलेल्या पेंडेतले प्रथिन माफक शुल्कात तपासून द्यावे. विद्यापीठाच्या 17 सप्टेंबरच्या रब्बी मेळाव्यात हा तक्ता शेतकऱ्यांच्या हाती पडला, तर येत्या थंडीच्या आत तो कामाला येईल.

आपला,
एक मत्स्यपालक वाचक