मुंबईपासून फक्त एक तास

परवा हापिसात जेवताना एका सहकाऱ्याने मोबाईलवर जाहिरात दाखवली. अलिबागजवळ प्लॉट, चार नारळ, मागे पाणी, आणि वर ठळक अक्षरात 'मुंबईपासून फक्त एक तास'. "तुझ्या गावाकडचं ना रे? घेऊन टाकू का?" मी म्हटलं, घे बाबा. (मी अलिबाग तालुक्यातला म्हटल्यावर 'अलिबागसे आया है क्या' हे ठरलेलंच. ह्या वाक्यावर बंदी घाला म्हणून एक अलिबागकर 2019 मध्ये हायकोर्टात गेले होते. कोर्टाने याचिका फेटाळली. आता ऐकून घेण्यावाचून इलाज नाही.)

असो. डोक्यात अडकला तो 'एक तास'.

तसा तो खोटा नाही. गेटवेवरून मांडव्याला कॅटमरान तासाभरात पोचते. 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, गाडीसकट जाता येतं. पण गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, आणि समुद्र खवळला की रो-रोच्या फेऱ्याही रद्द होतात. दोन वर्षांपूर्वी जुलैत रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा आम्ही गाडीतून वडखळच्या वाटेने पनवेल गाठलं. खड्डे, ट्रकांची रांग, वरून पाऊस. मी मागच्या सीटवर बाबांचा हात धरून बसलो होतो आणि किती वाजले ते मुद्दाम बघत नव्हतो. बाबा वाचले, आता ठणठणीत आहेत. पण आमच्याकडून मुंबई किती लांब आहे ते मला त्या रात्री कळलं. जाहिरातीतला तास मुंबईच्या टोकाकडून मोजलेला असतो, शनिवारी सकाळी, ऊन पडलेलं असताना.

पण माझं खरं भांडण तासाशी नाहीच. त्या 'मागे पाणी'शी आहे.

आमचं गाव किनाऱ्यावर नाही, खाडीवर आहे. खारेपाटात. इथली भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. म्हणजे मधे मातीचा बांध नसेल तर दिवसातून दोनदा खाडी शेतात येईल. ह्या बाहेरच्या बांधाला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. त्यात जागोजागी उघाड्या असतात, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खाडीचं आत घ्यायचं नाही. बांध काही एका रात्रीत फुटत नाही. चिंबोऱ्या बिळं करतात, त्यातून पाणी झिरपतं, आणि मग अमावस्या-पुनवेच्या उधाणाला तिथेच खांड जाते. त्याच दिवशी चिखल आणि पेंढा घालून बुजवली तर ठीक. चार भरत्या गेल्या की ती घराएवढी होते. एकदा खारं पाणी बसलं की त्या जमिनीत पुढची काही वर्षं भात विसरायचा. तिथे कांदळवन येतं, आणि ते तोडायला कायद्याने बंदी. (बंदी योग्यच आहे हो, पण ज्याचं शेत गेलं त्याला काय सांगणार?)

पूर्वी डागडुजी गाव मिळून करायचं. जोळ म्हणतात त्याला. ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याच्या घरचा माणूस बांधावर. आता खारभूमी खातं आहे, प्रस्ताव आहेत, निविदा आहेत. उधाणाला मात्र निविदेची वाट बघायची सवय नाही, त्यामुळे रात्री घमेली घेऊन अजूनही गावातलेच जातात. फक्त जाणारे कमी झालेत. गेल्या वर्षी आमच्या बांधावर अकरा माणसं होती. बाबा त्यात दुसऱ्या नंबरचे तरुण. वय 58!

म्हणून मला प्लॉटवाल्यांची भीती वाटते. माणसं वाईट नसतात, उलट गणपतीला वर्गणी सढळ हाताने देतात. पण महिन्यातून दोनदा येणाऱ्या माणसाला बांध हा संध्याकाळी फिरायला जायचा रस्ता वाटतो. त्याच्या प्लॉटवर आधी मातीचा भराव पडतो, त्यामुळे पाणी आलं तरी त्याच्याकडे येत नाही, शेजारच्या खाचरात जातं. असे दहा भराव झाले की गावात दहा घरं वाढतात, आणि बांधावर एकही माणूस वाढत नाही.

बरं, ही जमीन काही कुणाच्या आजोबांनी आरामात मिळवलेली नाही. आमच्या शेजारच्या चरीत 1933 पासून 1939 पर्यंत कुळांचा संप चालला, खोतांच्या विरोधात, नारायण नागू पाटलांच्या पुढाराने. सहा वर्षं कुळांनी खोताच्या जमिनी कसल्या नाहीत. माझे पणजोबा त्यात होते. लाकूडफाटा आणि मासळी विकून घर चालवलं, असं आजी सांगायची. खोती संपवायचं विधेयक बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात 1937 साली मांडलं. तरी आमच्या घराचं नाव सातबाऱ्यावर यायला कुळकायदा आणि त्यानंतरचा 1957 चा कृषक दिन उजाडावा लागला. आणि आता एजंट येतो, पायातले बूट न काढता ओटीवर बसतो आणि गुंठ्याचा भाव सांगतो.

मी हे मोठ्या तावातावाने जेवणाच्या टेबलावर बोललो. सहकारी शांतपणे ऐकून म्हणाला, "मग तू किती वेळा जातोस गावाला?"

महिन्यातून दोनदा.

च्यायला. घणसोलीतल्या खोलीत बसून बाहेरकाठ्यावर लेख लिहिणारा मी आणि प्लॉटवाला ह्यांत फरक एवढाच की माझं नाव सातबाऱ्यावर वारसाने येणार आहे. घरून काम चालू होतं तेव्हा दीड वर्ष गावात राहिलो. नेट बऱ्यापैकी चालायचं. दोनदा उधाणाला बांधावरही गेलो, दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून डुलक्या काढल्या. मग हापिसात बोलावलं, मी आलो. कुणी जबरदस्ती केली नव्हती, दुसरी नोकरी शोधता आली असती. शोधली नाही.

बाबांनी ह्या वेळी विचारलंच. "एजंटला काय सांगू? मी अजून पाच पावसाळे काढीन. पुढं बांधावर कोन जानार, तू?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. त्यांनी एजंटला दिवाळीनंतर यायला सांगितलंय. घरून काम करू देणाऱ्या दोन ठिकाणी मी काल अर्ज टाकलेत, पगार कमी आहे. आणि नारळी पुनवेच्या उधाणासाठी दोन दिवसांची रजा टाकली आहे. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना, शेवटी 'घरगुती काम' लिहिलं.